डोक्याला काय काय लावलंत?

न्हाणीघरातलं पाणी तुंबलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

घरात दोन बायका आणि एक पुरुष असल्यावर जाळी कुणाच्या केसांनी तुंबते, हे ठरवायला चौकशी समिती नेमावी लागत नाही, असं माझं ठाम मत होतं. बायकोचे केस कमरेपर्यंत, मुलीचे खांद्याच्या खाली. माझे चार बोटं. तीन आठवडे मी हे मत घरात निरनिराळ्या आवाजात बोलून दाखवलं. शेवटी 'केस विंचरा, पण न्हाणीघराबाहेर' अशी चिठ्ठी लिहून आरशावर चिकटवली. पाणी काही उतरलं नाही. मग प्लंबरला बोलावलं.

प्लंबर शांत स्वभावाचा होता. त्याने जाळी उचलली, वाकवलेली तार आत सोडली, दोनदा फिरवली आणि मुठीएवढा ओला काळा गोळा बाहेर काढला. मी दारात उभा होतो. माझ्या मागे बायको, तिच्या मागे मुलगी.

"बघा," मी मागे न वळता म्हणालो. "आता तरी पटलं?"

प्लंबरने गोळा बोटांनी उलगडला. त्यातला एक केस ओढून खिडकीच्या उजेडात धरला, मग माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग पुन्हा केसाकडे.

"साहेब, लांब केस वरच जाळीत अडकतात, ते दिसतात आणि आपण उचलून टाकतो. खाली जातात ते आखूड. हे तुमचे आहेत."

मुलीने आरशावरची चिठ्ठी अलगद काढली, तिची घडी घातली आणि माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली. बायको काहीच बोलली नाही. एरवी मला हे फार आवडतं, त्या दिवशी आवडलं नाही.

मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार कक्षात वरिष्ठ लिपिक आहे. सव्वीस वर्षं खिडकीमागे बसून, लोकांना पाणी का येत नाही, आलं तर गढूळ का येतं आणि गढूळ असलं तरी ते पाणीच कसं आहे, हे न चिडता समजावत आलो आहे. अशा माणसाला स्वतःच्या डोक्यावरून काय वाहून चाललंय हे परक्या प्लंबरने सांगावं, हे मनाला लागतं. तो गेल्यावर मी बायकोचा हातातला आरसा घेतला, भिंतीवरच्या आरशाकडे पाठ केली आणि आयुष्यात प्रथमच स्वतःच्या डोक्याच्या मागच्या भागाला भेटलो. मैदानातून आडव्या जाणाऱ्या लोकांनी गवतात पायवाट पाडावी, तसं तिथे काहीतरी झालं होतं. पुढे कपाळाच्या वरही रान विरळ झालेलं. आणि कोंडा तर होताच, तो बरीच वर्षं होता, त्याला मी घरातला माणूस समजत असे.

"डॉक्टरांकडे जाऊ या का?" बायकोने विचारलं.

"केसांसाठी का कोणी डॉक्टरांकडे जातं?" मी म्हणालो.

या एका वाक्याची किंमत मला पुढे बरीच पडली, म्हणून ते जसंच्या तसं नोंदवून ठेवतो आहे.

प्लंबर जिना उतरून खाली पोचायच्या आत बातमी समोरच्या दारात पोचली असावी, कारण संध्याकाळी वहिनी आल्या. समोरच्या वहिनींचे केस इतके दाट आहेत की त्यांचा अंबाडा त्यांच्यामागून थोड्या वेळाने वळतो. त्यामुळे या विषयावर त्यांचा शब्द म्हणजे आमच्या इमारतीत शेवटचा.

"भावोजी, तेल," वहिनी म्हणाल्या. "कोमट. भरपूर. नुसतं बोट बुडवून लावायचं नाही, डोकं प्यायला लागलं पाहिजे. आणि धुवायची घाई करायची नाही."

"पण यांच्या डोक्यात कोंडा आहे," बायको म्हणाली.

"कोंडा म्हणजे काय? कोरडेपणाच ना! मग कोरड्याला काय लागतं?"

यात चूक काढावी अशी जागा मला दिसली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तेल सुरू केलं. माझा स्वभाव असा की कुणी 'भरपूर' म्हटलं की मी मोजत नाही. आठ दिवसांत उशीचे अभ्रे पिवळे झाले, सोफ्याच्या पाठीवर माझ्या डोक्याच्या आकाराची गोल मोहर उठली, आणि कचेरीतल्या तक्रार नोंदवहीची दोन पानं माझ्या हातामुळे काचेसारखी पारदर्शक झाली. त्यामुळे मागच्या पानावरची तक्रार पुढच्या पानावरच्या तक्रारीत मिसळली, आणि ज्याच्या घरी महिनाभर नळाला थेंब नव्हता त्याला 'आपल्याकडील गळती थांबवण्यात आली आहे' असं उत्तर माझ्या सहीने गेलं. तो गृहस्थ ते पत्र घेऊन खिडकीवर आला तेव्हा त्याला काय वाटलं असेल, हे मी लिहीत नाही. त्याने ते मोठ्या आवाजात सांगितलं होतं.

डोक्याचं म्हणाल तर डोकं खरोखरच प्यायला लागलं होतं. पण कोंडा वाळका होता तो आता पिवळट आणि चिकट झाला. खाज अशी की मी पेनचं टोपण, पट्टी आणि एकदा तर कचेरीचा गोल शिक्का वापरून खाजवलं. कंगव्यात केस पूर्वीपेक्षा जास्त.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. पस्तीस वर्षं त्यांनी रसायनशास्त्र शिकवलं. त्यांना सगळे सरच म्हणतात. जिन्यात त्यांनी मला थांबवलं, माझ्या डोक्याजवळ नाक आणलं आणि डोळे मिटले.

"सत्यानाश," सर म्हणाले. "छिद्रं बुजवलीत तुम्ही. मुळं आत गुदमरताहेत."

इथे एक सांगायला हवं. सरांच्या स्वतःच्या डोक्यावर एकही केस नाही. ते चकचकीत आहे आणि जिन्यातला दिवा त्यात पूर्ण दिसतो. मी त्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं असावं.

"ज्याच्याकडे केस असतात तो त्यांचा विचार करत नाही," सर शांतपणे म्हणाले. "अभ्यास गेल्यावरच होतो. उद्या सकाळी या."

सकाळी सरांच्या मोरीत मला स्टुलावर बसवण्यात आलं. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याचा लेप, आणि वर व्हिनेगर, अशी योजना होती. आधी अल्क, मग आम्ल, असं सरांनी दोनदा सांगितलं, बहुधा समोर वर्ग आहे असं समजून. व्हिनेगर पडताच माझ्या डोक्यावर फसफसून जो फेस आला तो कानांवरून, नाकावरून, मानेवरून खाली उतरला. मला दिसत काही नव्हतं, पण सरांचा आवाज ऐकू येत होता. "वा! वा!" ते म्हणत होते. निवृत्तीनंतरचा हा त्यांचा पहिला प्रयोग होता आणि माणूस मनापासून सुखावला होता. त्या सुखात मीही क्षणभर सहभागी झालो.

मग डोकं वाळलं. वाळलं म्हणजे आवळलं. उन्हात टाकलेलं कातडं आवळावं तशी डोक्यावरची सगळी कातडी मागे ओढली गेली, आणि तिच्याबरोबर भुवया वर गेल्या, त्या संध्याकाळपर्यंत खाली येईनात. दिवसभर माझ्या चेहऱ्यावर कमालीचं आश्चर्य होतं. याचा एक फायदा झाला, तो प्रामाणिकपणे सांगतो. तक्रारदार फार खूश झाले. "चार दिवस पाणी नाही," असं कुणी म्हणालं की मी ज्या नजरेने पाहत होतो, तशी दखल त्यांची आजवर कुणी घेतली नव्हती. एक म्हातारे गृहस्थ तर म्हणाले, "साहेब, एवढं मनाला लावून घेऊ नका."

सरांकडे गेल्याचं वहिनींना कळलं. त्या बायकोशी दोन दिवस तुटक बोलल्या. मग त्यांनीच मोठ्या मनाने कांद्याच्या रसाचा उपाय पाठवला, आणि संबंध बिघडू नयेत म्हणून मी तोही केला. रस चाळीस मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा. सोड्याने सोललेल्या डोक्यावर कांद्याचा रस पडला की काय होतं, हे शब्दांत सांगणं कठीण आहे. मी न्हाणीघरात जागच्या जागी चालत होतो. बाहेरून मुलगी विचारत होती, "बाबा, व्यायाम करतोयस का?"

वास मात्र धुतल्याने गेला नाही. डोकं घामेजलं की तो नव्या उत्साहाने वर येई. तक्रार कक्षात लोक रडतात यात नवीन काही नाही, पण त्या आठवड्यात ते तक्रार सांगायच्या आधीच रडायला लागले. शेजारच्या खिडकीवरच्या बाईंनी एका तक्रारदार आजींना पाण्याचा पेला दिला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "जरा हळू बोलत चला हो त्यांच्याशी." मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

या सगळ्यात बायको काय करत होती, असं कुणी विचारेल. ती मधून मधून "डॉक्टरांकडे जाऊ या का?" असं विचारत होती आणि मी नाही म्हटलं की फ्रिजवरच्या वहीत काहीतरी लिहीत होती. मला वाटलं, किराणा.

आता मी ठरवलं की शेजाऱ्यांचं पुरे, बाजारात तयार मिळतं ते शास्त्रीय असतं. त्यासाठी लांब जायची गरज नव्हती. न्हाणीघरात मुलीच्या फळीवर सात बाटल्या होत्या. अडचण एवढीच की त्यांवरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी, माझा वाचायचा चष्मा वाफेने धुरकट होणारा, आणि चष्मा काढला तर बाटलीही दिसत नाही. मी वासावरून निवड केली. निळी बाटली वासाला सात्त्विक वाटली. तिच्यातलं पांढरं, मऊ द्रव्य मी सात दिवस डोक्यावर मुळांपर्यंत चोळलं. फेस येत नव्हता. मी समजलो, सौम्य असेल. सौम्य गोष्टींना फेस येत नाही, आमच्या खात्यातल्या सौम्य माणसांनाही येत नाही. नीट धुतलंही जात नव्हतं. बुळबुळ राही. मी समजलो, पोषण आत बसतंय.

सातव्या दिवशी मुलीने बाटली उलटी करून पाहिली.

"बाबा, माझं कंडिशनर कुणी संपवलं?"

"शाम्पू संपला असेल."

"शाम्पू हा पिवळा. हे कंडिशनर. हे केसांच्या टोकांना लावतात, एवढंसं, आणि धुऊन टाकतात. तू कुठे लावलंस?"

"टोकांनाच," मी म्हणालो.

"बाबा, तुझ्या केसांना टोकं कुठली आणि मुळं कुठली, यात अंतरच किती आहे?"

ती बरोबर बोलत होती, म्हणून मी तिला मोठ्यांशी कसं बोलावं यावर थोडं ऐकवलं.

त्याच सुमारास कचेरीत हजेरीचं नवं यंत्र बसलं. दारात उभं राहायचं, यंत्र चेहरा पाहतं आणि गोड आवाजात 'नोंद झाली' म्हणतं. सगळ्यांचे फोटो घेतले गेले. माझा फोटो पडद्यावर मोठा होऊन दिसला तेव्हा शिपायापासून उपअभियंत्यापर्यंत सगळे मागे उभे होते. डोक्याचा पुढचा भाग दिव्याखाली ओल्या भाकरीसारखा दिसत होता.

तडक केशकर्तनालयात गेलो. आमचा कारागीर वीस वर्षं माझे केस कापतो आहे. त्याने डोकं दोन्ही बाजूंनी वळवून पाहिलं.

"केस आहेत साहेब. पण अर्धे पांढरे. पांढरा केस उजेडात दिसत नाही, म्हणून मधे जागा रिकामी वाटते. काळे केले की भरलेले दिसतील."

इतक्या दिवसांत इतकं तर्कशुद्ध कुणी बोललं नव्हतं. रंगाच्या खोक्यावर बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. या वेळी चष्मा स्वच्छ होता, मी वाचलं. आधी थोडा रंग कानामागे लावून दोन दिवस वाट पाहावी, असं होतं.

"हे करायचं का?" मी विचारलं.

"ते कंपनीवाले लिहितात हो. वीस वर्षांत कुणाला काही झालं नाही."

मलाही वीस वर्षांत काही झालं नव्हतं. पण वीस वर्षांत मी तेल, सोडा, व्हिनेगर आणि कांदा यांनी डोकं इतकं उघडं पाडलं नव्हतं, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. रंग लागला. घरी आलो तेव्हा मुलगी म्हणाली, "तू पासपोर्टच्या फोटोसारखा दिसतोस." मी ते कौतुक समजून झोपलो.

सकाळी उठलो तर डोळे कसेबसे फटीएवढे उघडले. आधी वाटलं, झोप राहिली आहे. हात लावला तर पापण्यांच्या जागी दोन गरगरीत उशा. कपाळ फुगून नाकावर आलेलं, कान जाड, डोक्यातून पाणी झिरपत होतं. बायको चहा घेऊन आली, दारात थांबली, आणि कप खाली ठेवून तिने आधी मागे वळून बघितलं, मी दुसरीकडे कुठे आहे का ते.

"अहो?" ती म्हणाली.

"मीच आहे," मी म्हणालो.

शहाणा माणूस त्या दिवशी घरी राहिला असता. मीही राहिलो असतो. पण रजेचा अर्जही त्याच यंत्रावर करायचा होता, आणि अर्जाची पहिली पायरी म्हणजे यंत्रापुढे चेहरा. तेव्हा रजा मागण्यासाठी हजर राहणं आलं. मी काळा चष्मा लावून गेलो. यंत्र म्हणालं, 'व्यक्ती ओळखता आली नाही.' चष्मा काढला. यंत्राने जरा वेळ घेतला आणि तेच म्हणालं, मला वाटतं थोड्या भीतीने. तिसऱ्यांदा मी हसून पाहिलं. 'अनोळखी व्यक्ती. नोंद गोठवण्यात आली आहे,' यंत्र गोड आवाजात म्हणालं.

आस्थापना शाखेचे साहेब नियमांना धरून चालणारे. मी त्यांच्या टेबलापुढे उभा राहिलो.

"यंत्राच्या मते तुम्ही आलेले नाही," ते म्हणाले.

"साहेब, मी तुमच्यासमोर उभा आहे."

"ते मला दिसतंय. पण मला दिसणं आता ग्राह्य नाही. पूर्वी होतं."

"मग मी काय करू?"

"ओळख पुनर्पडताळणीचा अर्ज. सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र आणि तुम्हाला किमान दहा वर्षं ओळखणारा रक्ताचा किंवा लग्नाचा नातेवाईक, समक्ष. तोपर्यंत गैरहजर. आणि हे बघा, सलग सात दिवस विनापरवाना गैरहजेरी झाली की सेवाखंड धरला जातो. ते माझ्या हातात नाही."

सेवाखंड! सव्वीस वर्षांत मी दोनदा ताप अंगावर काढून आलो होतो, एकदा पाय मुरगळलेला असताना रिक्षातून उतरून एका पायावर आलो होतो. निवृत्तीनंतर भिंतीवर लावायला माझ्याकडे दुसरं काही नाही, पण ही अखंड सेवा होती. आणि ती आता केशरंगाने तुटणार होती. मी खिडकीमागे जाऊन बसलो आणि गैरहजर असताना दिवसभर काम केलं. जेवणाच्या सुट्टीत स्वतःची तक्रार स्वतःच्याच नोंदवहीत लिहावी का, असाही विचार आला. नियमात बसत नव्हतं.

घरी आलो तर बायको चपला घालून तयार होती. या वेळी तिने "जाऊ या का" असं विचारलंच नाही.

त्वचेच्या डॉक्टर तिशीतल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी माझ्या डोक्यावर एक छोटी दुर्बीण टेकवली आणि समोरच्या पडद्यावर माझी टाळू उमटली. लाल जमीन, तिच्यावर पिवळे पापुद्रे, मधे मधे एकेकटे उभे केस. वस्ती उठून गेलेल्या गावासारखं.

"डोक्याला काय काय लावलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"विशेष काही नाही. थोडं तेल," मी म्हणालो.

बायकोने पिशवीतून फ्रिजवरची वही काढून टेबलावर ठेवली. तारखेनिशी यादी होती. तेल, किती दिवस, किती वेळ. सोडा. व्हिनेगर. कांदा. निळी बाटली. रंग. कचेरीचा गोल शिक्कासुद्धा होता, तो तिला कसा कळला देव जाणे. डॉक्टरांनी दोन पानं शांतपणे वाचली, मग वही मिटून तिला आदराने परत दिली.

"आपल्याला दिसतो तो केस निर्जीव असतो," त्या मला म्हणाल्या. "त्याला काहीही लावा, तो जिवंत होत नाही. जिवंत आहे ते मूळ, आणि ते त्वचेच्या आत. मूळ तेलाने गुदमरत नाही. पण तुमच्या डोक्यावर कोंड्याची बुरशी आहे, तिचं खाणंच तेल. तुम्ही तिला भरपूर वाढलंत. मग सोड्याने त्वचेचं वरचं संरक्षण काढून टाकलंत. कांद्याने भाजून घेतलंत. वर आठवडाभर कंडिशनरचा थर ठेवलात. आणि अशा उघड्या त्वचेवर रंग. ही रंगाची ऍलर्जी आहे. ती आता जन्मभराची समजा. तो रंग पुन्हा कधीही लावायचा नाही. कधीही."

"पण मुळात गळायला का लागले?"

"चार-पाच महिन्यांपूर्वी आजारी होतात का?"

"नाही," मी म्हणालो.

"आठ दिवस ताप होता," बायको म्हणाली. "कचेरीत जात होते."

"त्यानेच. मोठ्या तापानंतर बरेच केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. मुळं शाबूत असतात. नवे केस आपोआप येतात." त्या जरा थांबल्या. "काही केलं नसतं, तर आतापर्यंत यायला लागलेही असते."



"मागची गोल जागा मात्र वयाची आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ती राहील. त्याचा उपचार हवा असेल तर पुढे बोलू."

त्यांनी सुजेवर गोळ्या, थोड्या दिवसांचं मलम आणि आठवड्यातून दोनदा लावायचा औषधी शाम्पू लिहून दिला. मलम नीट लागावं म्हणून केस अगदी बारीक करायला सांगितले. आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'इतर काहीही लावू नये.' 'काहीही' खाली दोन रेघा. केसांचं पुढे काय झालं तेही इथेच सांगून टाकतो. चार महिन्यांत कपाळाच्या वर पुन्हा उगवले, पूर्वीइतके नाहीत पण आहेत. मागची पायवाट तशीच आहे. मी आता आरसा मागे धरत नाही.

पण त्या आठवड्यात प्रश्न केसांचा राहिलाच नव्हता. सूज उतरायला त्यानंतर पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी, बारीक केस, सोललेलं कपाळ, हातात प्रमाणपत्र, आणि बाजूला बायको, असा मी आस्थापना शाखेत गेलो. आणखी एक दिवस गेला असता तर सेवा तुटली असती.

साहेबांनी प्रमाणपत्र वाचलं. बायकोला बसायला खुर्ची दिली. मला दिली नाही, कारण मी अजून मी ठरलो नव्हतो. मग त्यांनी माझं सेवापुस्तक उघडलं, सव्वीस वर्षांपूर्वीचं पहिलं पान.

"ओळखीची खूण," त्यांनी वाचलं. "डोक्यावर दाट काळे केस."

त्यांनी वर पाहिलं. बायकोनेही पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"ही खूण आता रद्द करावी लागेल. दुसरी सांगा. तीळ? जखमेचा व्रण?"

मी विचार करू लागलो. पन्नाशीला आलेल्या माणसाच्या अंगावर स्वतःची म्हणून एक खूण नसावी, हे तिथे उभं असताना फार जाणवलं. गुडघ्यावर लहानपणी पडल्याचं काहीतरी होतं, पण तेही पुसट झालेलं.

"एक आहे," बायको म्हणाली. "खोटं बोलताना यांचा डावा कान हलतो."

"काय?" मी आणि साहेब एकदम म्हणालो.

"किंचित. वरच्या बाजूला. पण हलतो."

"वहिनी, हे सेवापुस्तकात लिहायचं आहे," साहेब म्हणाले. "पडताळणी करावी लागेल."

"करा ना."

साहेबांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या टेबलावरचे दोन लिपिकही उठून आले होते.

"माझ्या कामाबद्दल तुमचं प्रामाणिक मत काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, आपण अत्यंत कार्यक्षम अधिकारी आहात," मी म्हणालो.

खोलीतले आठ डोळे माझ्या डाव्या कानावर होते. मी जबडा आवळला. दात दाबले. श्वास रोखला. पण केस बारीक केल्यामुळे कान आता पूर्ण उघडा होता, आणि तो हलला. मला स्वतःला जाणवलं. आयुष्यात पहिल्यांदा.

कुणी हसलं नाही. साहेबांनी पेन उचललं, जुनी खूण एका सरळ रेघेने खोडली, वर सुवाच्य अक्षरांत नवी लिहिली, तारीख टाकली आणि सही केली. मग उठून स्वतः मला यंत्रापुढे घेऊन गेले आणि नवा फोटो घेतला. 'नोंद झाली,' यंत्र म्हणालं. सहा दिवसांची गैरहजेरी वैद्यकीय रजेत बसवण्यात आली. साहेब एवढंच म्हणाले, "आपण आता कामाला लागा. आणि यापुढे मत लेखी देत चला."

बायकोला खालपर्यंत सोडायला गेलो. फाटकाशी आम्ही दोघंही जरा थांबलो.

"इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही कानटोपी घालून हिंडला असता."

"कधी लक्षात आलं तुझ्या?"

"पहिल्याच भेटीत," ती म्हणाली. पिशवीतून छत्री काढून तिने उघडली, ऊन फार होतं. "तुम्ही मला तीन गोष्टी सांगितल्या होत्यात. रोज पहाटे पाचला उठतो. चांगलं पोहता येतं. आणि मी आवडले."

"आणि?"

"पहिल्या दोन्हींना हलला होता," ती म्हणाली, आणि घराच्या दिशेने चालू लागली.